पहिली पायरी मोबाइलबाहेरची : तरुणांसाठी ऑनलाइन सुरक्षिततेचे सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी संगणक हा विषय शिकवतो. ऑनलाइन फसवणूक, धमकी किंवा बदनामी यांत सापडलेली जी मुले-मुली आजवर माझ्यापर्यंत आली, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीही घडलेला प्रकार त्याच दिवशी घरात सांगितलेला नव्हता. बारावीतल्या एका मुलाला अनोळखी व्हिडिओ कॉलनंतर धमकी आली आणि त्याने पहिल्या दिवशी दोन हजार रुपये पाठवले. त्यानंतर अकरा दिवस तो गप्प होता. आधी मित्रांकडून उसने घेतले, मग सायकल विकली, मग आईने कपाटात ठेवलेल्या भिशीच्या पैशांना हात घातला आणि रक्कम ३८ हजारांवर गेली. वडिलांना का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मोबाइल काढून घेतला असता." पुढील सूचनांची सुरुवात मी या उत्तरापासून करतो.

आधी माणूस ठरवा

पासवर्ड, सेटिंग, ॲप या सर्व गोष्टी नंतर. अडचण आली तर पहिला फोन कोणाला करायचा, हे आज, काहीही घडलेले नसताना ठरवा. तो माणूस आई-वडीलच असला पाहिजे असे नाही. मोठी बहीण, मामा, आत्या, एखादे शिक्षक किंवा तालमीतला जाणता दादा चालेल. अट एवढीच, की तो १८ वर्षांवरील असावा, त्याने आधी ऐकून घ्यावे आणि ओरडायचे असेल तर नंतर ओरडावे. त्या माणसाला हे प्रत्यक्ष भेटून सांगा. "काही झालं तर मी तुला रात्री-अपरात्रीही फोन करेन," एवढे एक वाक्य पुरते.

हा लेख पालक वाचत असतील तर त्यांना एक विनंती आहे. मुलाने स्वतःहून येऊन चूक कबूल केली, तर त्या दिवशी त्याचा मोबाइल काढून घेऊ नका. तो काढून घेतल्याने पुरावे हाताबाहेर जातात हे एक कारण आहेच. पण त्याहून मोठे कारण असे, की घरातले धाकटे भावंड हे सारे पाहत असते आणि पुढच्या वेळी गप्प राहायचे हे ते तेव्हाच शिकते.

एक संध्याकाळ मोबाइलसाठी

पुढचे काम एका बैठकीत, साधारण तास-दीड तासात होते. सुरुवात ईमेल खात्यापासून करा, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा दुवा ईमेलवरच येतो. ज्याच्या हाती तुमचे ईमेल, त्याच्या हाती उरलेले सगळे. मुलांचे पासवर्ड कसे असतात हे मी वर्गात न विचारताही सांगू शकतो : देवीचे नाव, पेठेचे किंवा तालमीचे नाव, आवडत्या खेळाडूचा आकडा आणि शेवटी जन्मसाल. तुम्हाला ओळखणाऱ्या कोणालाही हे दहा प्रयत्नांत जुळवता येईल. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकापुढे एक लिहून लांब पासवर्ड करा आणि तो फक्त ईमेलसाठी ठेवा. बाकीच्या खात्यांचे वेगवेगळे पासवर्ड लक्षात राहत नसतील, तर फोनमध्येच असलेला पासवर्ड जपून ठेवणारा विभाग वापरा. एकच पासवर्ड सगळीकडे ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

त्यानंतर दुहेरी पडताळणी चालू करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ती सहा आकडी पिनच्या रूपात मिळते. हा पिन ठेवलेला असेल, तर तुमच्याकडून कोणी फसवून ओटीपी काढून घेतला तरी त्याला दुसऱ्या मोबाइलवर तुमचे खाते सहजी सुरू करता येत नाही. तिथेच 'लिंक्ड डिव्हाइसेस' हे पानही उघडून पाहा. आपल्या नकळत एखाद्या संगणकावर आपले व्हॉट्सॲप चालू असल्याचे अनेकांना या पानावरच प्रथम कळते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना उघडलेले खाते बंद करायचे राहून गेलेले असते. झेरॉक्सच्या दुकानाचा आणखी एक धडा असा, की आधारची प्रत तिथल्या संगणकावर पाठवली असेल, तर समोर उभे राहून ती पुसायला लावावी. दुकानदार सहसा नाराज होत नाही.

स्क्रीनचे कुलूप आणि यूपीआयचा पिन एकच ठेवू नका. ॲपला दिलेल्या परवानग्या तपासा. टॉर्चच्या ॲपला तुमचे संपर्क आणि मेसेज वाचण्याचे काही कारण नाही. *#०६# असे टाइप केले की मोबाइलचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो, तो घरातल्या एखाद्या वहीत लिहून ठेवा. मोबाइल हरवला किंवा चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन केंद्र सरकारच्या 'संचार साथी' या सुविधेवर तो क्रमांक नोंदवता येतो आणि हँडसेट देशभर निकामी करता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हेही याच ठिकाणी पाहता येते.

ॲप घ्यायचे ते फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच. हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि गेल्या लग्नसराईत स्वतःच जवळजवळ फसलो. रात्री साडेअकराच्या सुमारास एका चुलत भावाच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका आली. फाइलच्या नावात 'लग्नपत्रिका' होते आणि शेवटी टिंब देऊन एपीके ही अक्षरे होती, म्हणजे ती पत्रिका नसून ॲप बसवणारी फाइल होती; डोळ्यांवर झोप असल्याने ती मी वाचली नाहीत. बोट लागले, ते इन्स्टॉल झाले आणि पडद्यावर प्रश्न आला, या ॲपला तुमचे एसएमएस वाचू द्यायचे का? पत्रिकेला माझे एसएमएस कशाला हवेत, हा विचार तेवढ्यात आला म्हणून निभावले. मी इंटरनेट बंद केले, सिम काढले, पत्नीच्या फोनवरून बँकेला कळवले आणि मोबाइल पूर्ण रिकामा करून नव्याने सुरू केला. सकाळी भावाला फोन केला, तेव्हा त्याच्या क्रमांकावरून तीच पत्रिका दीडशे लोकांना गेल्याचे त्याला माहीतही नव्हते. वाहतुकीच्या दंडाची पावती, सरकारी योजनेची यादी, वीज तोडण्याची नोटीस, अशी नावे बदलून हाच प्रकार फिरतो. ओळखीच्या क्रमांकावरून आलेली फाइल ओळखीच्याच माणसाने पाठवलेली असते, हे गृहीत धरू नका.

फोटोच्या मागे काय दिसते

वर्गात मी एक खेळ घेतो. प्रत्येकाने शेजाऱ्याचे शेवटचे दहा फोटो पाहायचे आणि एखाद्या परक्या माणसाला त्यांतून काय कळेल याची यादी करायची. गेल्या वर्षी एका मुलीच्या फोटोंवरून तिच्या मैत्रिणीने सात मिनिटांत पुढील गोष्टी काढल्या : मोपेडचा नंबर, क्लासच्या पाटीवरून संध्याकाळची वेळ, गणपतीच्या मांडवावरच्या नावावरून गल्ली आणि रंकाळ्यावरच्या रोजच्या सेल्फीवरून फिरायला जाण्याचा वार. ती मुलगी हसत होती. यादी फळ्यावर लिहून झाली तेव्हा थांबली.

आपले शहर मोठे झाले असले तरी स्वभावाने पेठांचेच राहिले आहे. मुंबईत नाव आणि चेहऱ्यावरून माणूस शोधणे कठीण असेल. इथे मंगळवार पेठेतल्या चहाच्या टपरीवर फोटो दाखवला, तर "हां, ते तर अमक्याचं पोरगं" म्हणून घरापर्यंत सोडायला माणूस मिळेल. म्हणून इथे राहणाऱ्याने अधिकच जपून असावे. खाते खासगी ठेवा. इन्स्टाग्रामवर १३ ते १७ वयाच्या मुलांची खाती आता आपोआप खासगी असतात आणि १६ वर्षांखालील मुलांना ते बंधन सैल करण्यासाठी पालकांची संमती लागते. परंतु खाते उघडताना खोटे जन्मसाल दिले असेल तर हे संरक्षण मिळत नाही. माझ्या वर्गात किती जण कागदोपत्री पंचवीस वर्षांचे आहेत, हे विचारणे मी सोडून दिले आहे. सहलीचे फोटो परतल्यावर टाका, गाडीचा नंबर झाका, आणि ज्याला प्रत्यक्ष भेटलेला नाहीत अशा प्रत्येक 'मित्रा'ला यादीत ठेवण्याचे कारण स्वतःला विचारा.

पैसे येताना पिन लागत नाही

यूपीआयचा पिन फक्त पैसे जाताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे मिळवण्यासाठी पिन टाका, क्यूआर कोड स्कॅन करा, एक रुपया पाठवून पडताळणी करा, असे सांगणारा माणूस फसवतो आहे, मग तो जुन्या मोबाइलचा गिऱ्हाईक असो, खोली भाड्याने घेणारा असो किंवा स्वतःला लष्करातला म्हणवणारा असो. ओटीपीचेही तेच. व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशात दिसणारा माणूस तुम्हाला 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगत असेल, तर कॉल बंद करा. भारतीय कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही.

मुलांना सर्वाधिक ओढणारे आमिष घरबसल्या कामाचे असते. टेलिग्रामवर संदेश येतो, व्हिडिओ लाइक करा आणि प्रत्येकी पन्नास रुपये मिळवा. पहिले दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यावर येतात, आणि तिथेच माणूस अडकतो. पुढच्या 'टास्क'साठी आधी हजार भरावे लागतात, मग पाच हजार, आणि पडद्यावर वाढत जाणारी शिल्लक काढायची म्हटले की कर भरा, दंड भरा, असे सुरू होते. काम देणारा कोणीही कामगाराकडून आगाऊ पैसे घेत नाही, हे तुमच्या आजोबांना ठाऊक होते.

पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदी आलेली आहे. तरीही अशा खेळाची लिंक आली, तर ती देणाऱ्याकडे पैसे अडकल्यावर दाद मागणे अवघड, एवढे लक्षात ठेवावे.

"फक्त खातं वापरायला दे"

या प्रकाराबद्दल घरात किंवा वर्गात फारसे बोलले जात नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर किंवा इन्स्टाग्रामवर कोणीतरी ओळख काढतो आणि सांगतो, माझ्या खात्याची मर्यादा संपली आहे. तुझ्या खात्यावर काही रक्कम येईल, ती पुढे पाठव, तुला तीन हजार मिळतील. कधी खात्याचे पासबुक, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेले सिम असा पूर्ण संचच मागितला जातो. मुलाला वाटते, आपले तर शून्य शिल्लक असलेले शिष्यवृत्तीचे खाते आहे, त्यात जाणार काय?

जाते ते असे. देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एका निवृत्त माणसाची फसवणूक होते आणि त्याची आयुष्याची पुंजी तुमच्या खात्यातून पुढच्या पाच-सहा खात्यांत सरकते. तक्रार झाली की पोलीस पैशांच्या मागावर निघतात आणि त्या मागावर पहिले खरे नाव, खरा पत्ता, खरे आधार तुमचे असते. ज्याने तीन हजार दिले, त्याचे इन्स्टाग्राम खाते तोवर नाहीसे झालेले असते. खाते गोठवले जाते, परराज्यातील पोलीस ठाण्यातून नोटीस येते आणि चौकशीला त्या राज्यात जावे लागू शकते. माझ्या माहितीतल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी दोन वेळा रजा काढून, रेल्वेचे आरक्षण करून मुलाला दूरच्या एका शहरात नेले. त्या प्रवासाचा खर्चच मिळालेल्या पैशांच्या पाचपट झाला, आणि शिष्यवृत्तीची रक्कम गोठलेल्या खात्यात अडकली ती वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 'मला काय माहीत' हे उत्तर त्यावर आपोआप सुटका करून देत नाही.

म्हणून आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिम जिवलग मित्रालाही वापरायला देऊ नये. अनोळखी माणसाकडून चुकून पैसे आले आणि तो परत मागू लागला, तर स्वतःहून ते कोणा तिसऱ्याच क्रमांकावर पाठवू नका. बँकेत जाऊन लेखी कळवा आणि परतफेड बँकेमार्फतच होऊ द्या.

फोटोवरून धमकी आली तर

सुरुवातीला उल्लेखलेल्या मुलाचा प्रकार या गटातला. अनोळखी खात्यावरून मैत्री होते, व्हिडिओ कॉल येतो, समोरच्या पडद्यावर एखादी ध्वनिचित्रफीत चाललेली असते आणि इकडचा चेहरा नोंदवला जातो. कधी असे काहीच झालेले नसते. साध्या फोटोवरचा चेहरा काढून दुसऱ्या शरीरावर बसवलेला असतो, आणि ते काम आता मोबाइलवर काही मिनिटांत होते. कधी धमकी देणारा परका नसतोच, तर कालपर्यंतचा मित्र असतो. तिन्ही प्रसंगी करायच्या गोष्टी त्याच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. गयावया करू नका, शिव्याही देऊ नका. खात्याचे नाव, त्याची लिंक, मोबाइल क्रमांक, धमकीचा मजकूर आणि तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. संभाषण पुसू नका. त्यानंतरच त्या खात्याची ॲपकडे तक्रार करा आणि ते ब्लॉक करा. घाबरून आधी ब्लॉक केले किंवा स्वतःचे खातेच उडवले, तर पुरावा जातो. मग ठरवलेल्या माणसाला फोन.

वय १८ पेक्षा कमी असेल, तर 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतील एका बालसंरक्षण संस्थेची विनामूल्य सुविधा उपयोगी पडते. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. तुमच्याच मोबाइलवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशाशी जुळणारे चित्र आपल्या मंचांवर शोधून काढून टाकतात. प्रौढांसाठी अशीच 'स्टॉप एनसीआयआय' नावाची सुविधा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर स्त्रिया आणि मुले यांच्याविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. लहान वयाच्या मुलामुलींसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालू असतो आणि तिथे फक्त बोलायचे असले तरी फोन करता येतो.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. एखाद्याच्या संमतीविना त्याच्या खासगी अवयवांचे चित्र काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली गुन्हा आहे. चित्रातली व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, तर त्याच कायद्याचे ६७ ब कलम आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू होतो आणि ६७ ब खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. असे चित्र पुढे न पाठवता केवळ बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील निकालात स्पष्ट केले आहे. वर्गाच्या ग्रुपवर कोणी असे काही टाकले, तर 'मी फक्त पाहिले' या समजुतीत राहू नका. ते पुढे पाठवू नका, ग्रुप सोडा आणि मोठ्या माणसाला सांगा. एखाद्या मुलीने नकार दिल्यावरही तिला सतत मेसेज करणे, नवनवी खाती काढून तिच्यावर पाळत ठेवणे यालाही भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाने गुन्हा मानले आहे. त्याला प्रेम म्हणणारे मित्र साक्ष द्यायला येत नाहीत.

स्टेटस, फॉरवर्ड आणि फुटबॉल

जून २०२३ मध्ये काही तरुणांनी मोबाइलवर ठेवलेल्या स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव निर्माण झाला. ७ जूनला बंद, जमाव, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार आणि अश्रुधूर इथपर्यंत गोष्ट गेली, आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवावे लागले. चोवीस तासांत आपोआप नाहीसा होणारा मजकूर शहराला किती महागात पडतो, हे इथल्या मुलांना वेगळे शिकवावे लागू नये. स्टेटस नाहीसा होतो, त्याचा स्क्रीनशॉट राहतो. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर टाकणारा १८ वर्षांखालील असला, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण जाते. आणि असा स्टेटस कोणी ठेवलेला दिसला, तर 'बघा, याने काय ठेवलंय' म्हणून तो दहा ग्रुपवर फिरवणारा माणूस आग विझवत नसतो. पोलिसांना कळवा आणि तिथेच थांबा.

फुटबॉलच्या हंगामात हे लहान प्रमाणावर दर आठवड्याला घडते. शाहू स्टेडियमवर सामना संपतो आणि रात्री पेठापेठांत मीमची लढाई सुरू होते. चिडवणे हा आपल्या खेळाचा भागच आहे. त्यावर बंदी घाला म्हणणारा मी नव्हे, मीही त्यात हसतो. पण खेळाडूच्या आई-बहिणीवर गेलेली एक ओळ, एखाद्याच्या जातीवरची टिंगल किंवा हरलेल्या संघाच्या नावाने उघडलेले खोटे खाते यांनी प्रकरण मैदानाबाहेर येते. दुसऱ्याची ओळख चोरून वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. टाकण्यापूर्वी एकच कसोटी लावा : हे वाक्य मी बिंदू चौकात, त्या माणसासमोर, दोन्ही घरची माणसे उभी असताना म्हणेन का?

आणि मग पावसाळा. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात पाण्याविषयीचा कोणताही संदेश क्षणात पसरतो. 'मच्छिंद्री झाली' (पंचगंगा खूप चढली, हे सांगणारा इथला शब्द), 'धरणाचे सगळे दरवाजे उघडले', 'हायवे बंद', असे संदेश येतात, त्यांत वेळ नसते आणि कधीकधी वर्षही नसते. राधानगरीच्या स्वयंचलित दरवाज्यांचा गतसालचा व्हिडिओ माझ्याकडे 'आत्ताचा' म्हणून आलेला आहे, आणि तोही सुशिक्षित माणसाकडून. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाण्याचा संदेश पुढे पाठवण्याआधी त्यात ठिकाण, तारीख, वेळ आणि फुटांतला आकडा आहे का ते पाहा, आणि तो जिल्हा प्रशासनाच्या ताज्या आकड्याशी ताडून घ्या. व्हॉट्सॲपवर संदेशाच्या वर दुहेरी बाण दिसला, तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो ही मर्यादा कंपनीनेच २०२० मध्ये घातली आहे. अफवेने नदीकाठच्या चिखलीतले किंवा आंबेवाडीतले एखादे कुटुंब रात्री विनाकारण घर सोडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, खऱ्या इशाऱ्यालाही अफवा समजून घरातच थांबते.

पहिला तास

सगळी काळजी घेऊनही पैसे गेले, असे धरून चालू. फसवणाऱ्याचे काम मिनिटांत चालते. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाते आणि शेवटी रोखीने काढली जाते. म्हणून सर्वांत आधी १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. तिथून संबंधित बँकांना कळवले जाते आणि रक्कम अजून कुठल्या खात्यात असेल, तर ती तिथे रोखून धरता येते. फोनवर पुढील गोष्टी विचारतात : तुमची बँक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे ज्या खात्यावर किंवा यूपीआय पत्त्यावर गेले तो पत्ता. लाइन व्यग्र लागली तर एकाने प्रयत्न चालू ठेवावा आणि दुसऱ्याने राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरावी. त्याच वेळी स्वतःच्या बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करायला सांगा, मात्र बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करून दुसऱ्यांदा फसलेली माणसे मी पाहिली आहेत.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे नाही. म्हणजे चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदा आहेच.

यानंतर पोलीस ठाणे. जिल्ह्यात सायबर पोलीस ठाणे आहे, परंतु तक्रार जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी शून्य क्रमांकाने तो नोंदवून पुढे पाठवण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. एकट्याने जाऊ नका, ठरवलेल्या माणसाला सोबत न्या. अर्जात घटना तारीखवार लिहा, स्वतःची चूक लपवू नका, कारण ती व्यवहाराच्या नोंदीत दिसतेच आणि मग बाकीच्या म्हणण्यावरही शंका घेतली जाते. स्क्रीनशॉटच्या छापील प्रती, बँकेचे खातेपत्रक आणि ओळखपत्राची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

१९३०, १०९८, बँकेचा क्रमांक, आयएमईआय आणि ठरवलेल्या माणसाचा क्रमांक, एवढे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तक्रार क्रमांक मिळाला की तोही याच कागदावर टाका. तपासासाठी मोबाइल ठाण्यात जमा करावा लागला, तर हे सर्व क्रमांक त्याच्याबरोबर तिथेच राहतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांना आज स्वतःच्या आईचा नंबरही पाठ नसतो.